बॉनेटवरचं स्वस्तिक

बॉनेटवर दुसरा कोट मारून मी स्प्रे-गन खाली ठेवली आणि रंगाला डोळे फुटायला लागले.

आमच्या धंद्यात याला फिशआय म्हणतात. माशाचा डोळा. ओला रंग सपाट बसायच्या ऐवजी जागोजागी मागे सरकतो, बारीक गोल खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या तळाशी जुना रंग दिसतो. तेलकट ताटात पाणी ओतलं की ते कसं फाटतं, तसंच. याला कारण बहुतेक वेळा एकच. खाली तेल आहे.

दोन-चार खड्डे पडले तर चालतं, नंतर झाकता येतात. इथे शंभर तरी होते, आणि तेही एकाच जागी. मी वाकून बघितलं. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं. खड्ड्यांचं स्वस्तिक झालं होतं. वीतभर रुंद, चारही हात सरळ, मधली चार टिंबंसुद्धा.

चैत्रातल्या उन्हात, पत्र्याखाली उभा राहून मी ते चार हात पुन्हा मोजले.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. नववीत शाळा सोडली. ट्रकच्या बॉडी रंगवणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत मंगरूळपीरला आलो. इथे मला ताप चढला, टोळी पुढे निघून गेली, आणि हमीदचाचांनी त्यांच्या शेडमध्ये खाट टाकून दिली. आठ दिवस त्यांच्या घरची खिचडी खाल्ली. नवव्या दिवशी त्यांनी हातात वॉटर पेपर, म्हणजे पाणी मारून घासायचा पॉलिश पेपर, दिला आणि म्हणाले, बसल्या बसल्या हा दरवाजा घास. त्याला अकरा वर्षं झाली. इथे मला सगळे 'कोल्हापूर' म्हणतात. गडहिंग्लज तिथून आणखी लांब आहे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं. आजही गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईपर्यंत मला नीट जेवण जात नाही. अकरा वर्षांत तेवढं काही सुधारलं नाही.

तर ही गाडी होती इंझोरीच्या रेखाताईंची. अठरा वर्षांची जुनी लाल व्हॅन. रेखाताई आठवडी बाजारात कापड विकतात. गाडी स्वतः चालवतात. मागचा दरवाजा उघडला की दुकान लागलं, आणि बॉनेट म्हणजे त्यांचं काउंटर. त्यावर घडी उलगडून गिऱ्हाईकाला माल दाखवायचा.

लाल रंगाचा एक स्वभाव असतो. उन्हात वर्षानुवर्षं उभा राहिला की तो मरतो. वरचा थर भुकटी होतो, गुलाबी दिसायला लागतो, आणि हात लावला की हाताला येतो. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत रेखाताईंचं वर्षातलं सगळ्यात मोठं दुकान लागतं. तिथे पांढरा माल खपतो. टोप्या, धोतरं, रुमाल. मागच्या वर्षी एक म्हातारे बाबा नेलेलं धोतर परत घेऊन आले. त्यावर गुलाबी पट्टा होता. भर गर्दीत ते धोतर धरून त्यांनी विचारलं, "बाई, हे धोतर हाय का गुलाल?" त्या दिवशी पुढे कोणी पांढरं घेतलं नाही.

ताईंनी दोन ठिकाणी विचारून बघितलं होतं. दोघांनीही सांगितलं की एवढा रंग देण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. मग त्या आमच्याकडे आल्या. पैसे किती आहेत ते त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि म्हणाल्या, "याच्यात होत असंन तर करा, नाई तर नाई म्हना. पन यात्रेच्या आधी पायजे."

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. नखाने रंग खरवडून बघितला.

"होते," ते म्हणाले. "पन शोरूमसारखी नाई होनार, बाई. जितं हात लागते तितं पक्की होईन."

चाचांचा हिशोब साधा होता. रंग तोच लाल ठेवायचा, म्हणजे दरवाजांच्या आतल्या बाजू रंगवाव्या लागत नाहीत. जुना रंग जिथे पत्र्याला घट्ट धरून आहे, तिथे तो ठेवायचा, फक्त वरची मेलेली भुकटी घासून काढायची. प्रायमर, म्हणजे पत्र्याला आणि रंगाला धरून ठेवणारा खालचा थर, फक्त गंजलेल्या जागी. रंग मात्र चांगल्यातला, त्याला कडक करणारं हार्डनर घालून मारायचा, कारण तो हाताला येत नाही. "डब्यात कंजूसी नाई करायची," चाचा नेहमी सांगतात. "आपल्या मनगटाले पैसे पडत नाईत. तितं वाचव." आणि मग ते म्हणाले, "ही गाडी पुरी तुझी, कोल्हापूर. मी फक्त पाहीन."

पूर्ण गाडी माझ्यावर सोपवायची ही पहिलीच वेळ होती.

मी सहा दिवस घासलं. पाणी मारायचं, पेपर फिरवायचा, गुलाबी चिखल धुवायचा, पुन्हा पाणी. बोटांची टोकं गुळगुळीत झाली. दोन दिवस रेखाताईही मदतीला आल्या. "घासू लागतो मी, तेवढीच तुमची मजुरी वाचन," म्हणाल्या. इकडे बायकाही करतो, येतो असंच म्हणतात. त्यांनी दोन्ही बाजूंचे मागचे दरवाजे घासले, आणि माझ्यापेक्षा बरे घासले.

आता चूक कुठे झाली ते सांगतो.

बॉनेटच्या मधोमध एक शेंदरी छटा होती. नीट बघितलं तर स्वस्तिक. रेखाताई दर दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या, आणि दुकानदार गल्ल्यावर काढतो तसं काउंटरवर स्वस्तिक काढायच्या. शेंदूर तेलात कालवून. दुसऱ्या दिवशी पुसायच्या. पण मेलेला रंग टिपकागदासारखा असतो. त्यांनी गाडी घेतल्यापासूनच्या बारा दसऱ्यांचं तेल त्यात मुरलेलं होतं.

नियम असा आहे की घासण्याआधी सगळी गाडी थिनरने पुसून तेल काढायचं. मी पुसली. पण स्वस्तिकापाशी आलो आणि माझा हात थांबला. देवाच्या खुणेवर थिनरचं फडकं आणि खरखरीत पेपर फिरवायचा? माझ्या आईने बघितलं असतं तर? मी आजूबाजूने पुसलं, आणि त्या जागेवर जुना झिजलेला पेपर हलक्या हाताने दोनदा फिरवला. वरून चमक गेली, छटाही दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं, झालं.

पहिला कोट हलका असतो, धुक्यासारखा. त्यात काही कळलं नाही. दुसऱ्याने सगळं सांगितलं.

चाचा चहाचा ग्लास घेऊन आले. बॉनेटकडे बघितलं आणि ग्लास स्टुलावर ठेवला.

"ते पुसलं नव्हतं तू?"

मी खाली बघत सांगितलं की हात धजावला नाही. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वाकून खड्डे बघितले. मग म्हणाले, "मले दिसलं होतं पहिल्या दिशी. मी समजलो, तुमच्या देवाचं हाय, तू बरोबर करशीन. मी कायले बोट लावू? म्हनून मी तिकडं पाह्यलंच नाई."

म्हणजे चाचांनी आदराने तिकडे बघितलं नाही, आणि मी भीतीने. एकमेकांना विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

यात्रा चार दिवसांवर होती. डब्यात फक्त बॉनेटपुरता रंग उरला होता, तोही एकदाच. तो चुकला असता तर दुसरा डबा कोणाच्या पैशाने आला असता, ते मला माहीत होतं. चाचांच्या. आणि ते मला कधी बोलले नसते. मला त्याचीच जास्त धास्ती होती.

ओला रंग सुकायच्या आत पुसायचा म्हणून थिनर घेऊन मी भिडलो. बॉनेट पुन्हा जुन्या रंगावर आलं, तेवढ्यात रेखाताई बसने पोचल्या. लाल झालेली गाडी आणि मधेच उघडं बॉनेट बघून त्या दारातच थांबल्या. मी जे झालं ते सगळं सांगितलं. खड्डे कसे पडले, कशाच्या आकाराचे पडले, आणि का.

त्यांनी ऐकून घेतलं. मग आधी चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोघानं मिळून माह्या बॉनेटचा देव्हारा करून ठेवला," त्या म्हणाल्या. "अरे, दर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मीच त्याले ओल्या फडक्यानं पुसतो न. तवा देव नाई रागावला. आना इकडं तो पेपर."

मी पेपर पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, आधी बोटाने बॉनेट चाचपून बघितलं.

"तेल हाय न हे? मंग घासून राह्यले कायले? कपड्यावर तेल सांडलं तर आमी घासत नाई. घासलं का पसरते. खडूची भुकटी टाकतो. ते तेल पिऊन घेते, मंग झटकायचं."

चाचा हसले. पोचे भरायची पुटी बनवायला लागणारी खडूची पांढरी पावडर शेडमध्ये पोतंभर पडली होती. आम्ही ती थिनरमध्ये कालवून बॉनेटवर जाड लेप दिला. सुकल्यावर झटकला तर मधोमध लेपाला पिवळसर छटा आली होती. दुसरा लेप दिला. तिसरा दिला. दर वेळी नवीन फडकं, कारण तेलाचं फडकं तेच तेल सगळीकडे नेतं. फडकी रेखाताईंच्या, गाडीतच पडलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यातून आली.

मग त्यांनी पेपर घेतला. एकदा हात जोडले आणि थेट पत्रा दिसेपर्यंत घासलं. मी शेजारी पाणी मारत होतो. मधेच त्या म्हणाल्या, "कोल्हापूरवाले भाऊ, बाकीचं तुमी घासा, इथं देव नाई आता." मग मी घासलं.

तेल गेलं की नाही हे बघायची एक पद्धत आहे. पत्र्यावर पाणी ओतायचं. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर तेल आहे. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि ती मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. पहिल्यांदा पाणी फाटलं. पुन्हा लेप, पुन्हा थिनर. दुसऱ्यांदा फाटलं. तिसऱ्यांदा कडेला थोडं फाटलं. चाचा म्हणाले की एवढं चालते. मी म्हणालो, नाही चाचा, पुन्हा एकदा. त्यांच्यापुढे 'नाही' म्हणण्याची ती माझी पहिली वेळ असावी. चौथ्यांदा पाणी अख्ख्या बॉनेटवर सपाट थांबलं. वरच्या छपराच्या पत्र्यातलं भोक त्यात स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला. तो सुकल्यावर घासला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली आणि डब्यातला शेवटचा रंग गनमध्ये ओतला. हलका कोट. मग ओला कोट. गन खाली ठेवली.

पुढची दहा मिनिटं वाट बघायची. मी वाकून बघत होतो. चाचा माझ्याकडे बघत होते.

एक खड्डा पडला. एकच, डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा. मी बारीक ब्रश उचलला तसा चाचांनी माझा हात धरला.

"राहू दे. छेडशीन तर दहा होतीन."

मी ब्रश ठेवला.

यात्रेच्या दिवशी मला राहवलं नाही. बसने पोहरादेवीला गेलो. गर्दीतून वाट काढत रेखाताईंचं दुकान शोधलं. लाल बॉनेटवर पांढऱ्या धोतरांची चळत होती. बाया-माणसं उन्हात उभी राहून माल बघत होती. मी कडेला उभा राहून, कोणी बघत नाही असं बघून, खिशातला रुमाल बॉनेटवर जोरात घासला.

"अवो पेंटरभाऊ," पलीकडून आवाज आला. "सकाळपासून मी चार वेळा घासून पाह्यलं. कायी निघत नाई. या, चहा घ्या."

रुमाल पांढराच होता. चहा घेतला. त्यांनी एक टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि पैसे घ्यायला नकार दिला. टोपी मी गावी बाबांना पाठवली.

त्या दसऱ्याला त्या गाडी धुऊन आमच्या शेडसमोरून गेल्या. झेंडूचा हार, समोरच्या काचेवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक. बॉनेटवर फक्त कोरड्या कुंकवाचं एक बोट टेकवलं होतं, डाव्या कोपऱ्यात, त्या मोहरीएवढ्या खड्ड्यावर.

आता शेडमध्ये गाडी आली की चाचा आधी विचारतात, "दसऱ्याले काय लावता गाडीले?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. मी तोपर्यंत बॉनेटवर पाणी ओततो.