बनियनला इन्सुलिन

"मावशी, पिशवी दाखवा," वहिनी दारातच म्हणाल्या. पिशवीत डबा आणि छत्री निघाली. त्यांना पेढे सापडायला हवे होते.

मुलुंडच्या त्या घरात आया पुरवणाऱ्या ब्युरोने मला काकांसाठी ठेवलं होतं. बारा तासांची ड्युटी. काकांची शुगर साडेतीनशेच्या खाली येत नव्हती. त्यापायी डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, आणि दिसणं रोज कमी होत होतं. डॉक्टरांनी इन्सुलिन बारा युनिटचं चोवीस केलं. युनिट म्हणजे औषधाचं माप. इंजेक्शन पेनसारखं असतं, त्या पेनच्या मागचं बटण फिरवून ते लावतात.

काका रिटायर्ड बँक मॅनेजर, मुलगा इंजिनीयर, त्याची बायको म्हणजे वहिनी शाळेत सायन्स शिकवतात. तिघांनी मिळून शोध लावला, की मावशी चोरून गोड देते. मला बोलणं जमत नाही.

इंजेक्शन काका स्वतः घ्यायचे. मी तेव्हा पाठ करून उभं राहायचं.

"टोचल्याचं कळतसुद्धा नाही," ते म्हणायचे. "हात लागतो त्याला."

"पप्पा एक्स्पर्ट झालेत," मुलगा म्हणायचा.

त्यांचे कपडे मी धुवायची. बनियनवर पोटापाशी रोज ओला डाग, त्याला दवाखान्याचा वास. मला शंका आली. एके दिवशी मी पाठ केलीच नाही.

पेनच्या सुईवर दोन टोपणं असतात. बाहेर मोठं, आत काडीएवढं बारीक. काकांनी मोठं काढलं, बारीक तसंच ठेवलं, पोटाला टेकवलं आणि बटण दाबलं. टोपण कशाला टोचतंय? सगळं औषध बनियनने प्यायलं.

हॉस्पिटलात काकांना शिकवलं त्या सुईला एकच टोपण होतं. नंतर केमिस्टने ही दुसरी दिली. तिच्याबरोबरचा चित्रांचा कागद वहिनींनी नीट फाइलला लावला होता. वाचायचं तेवढं राहिलं होतं.

"काका, आतलं टोपण राहिलं."

"तू मला शिकवणार? कितवी शिकलीस गं?"

"चौथी."

"मग?"

मी बारीक टोपण ओढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

मुलगा धावत आला. "म्हणजे गेलंच नाही? पप्पा, आता घ्या पटकन चोवीस!"

मी पेन मुठीत धरलं. "चोवीस गेले तर काका चक्कर येऊन पडतील. डोस बनियनच्या हिशोबाने वाढलाय. आधी डॉक्टरांना फोन करा." माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. डॉक्टर म्हणाले, "चोवीस अजिबात देऊ नका. थांबवलं कोणी?" मुलगा घाईने म्हणाला, "आता किती द्यायचं ते सांगा." डॉक्टरांनी डोस बराच कमी करून दिला आणि शुगर सारखी तपासायला सांगितली.

महिन्याभरात शुगर खाली आली. ऑपरेशन झालं. भेटायला आलेल्या नातेवाइकांना वहिनी सांगत होत्या, "मावशीवर लक्ष ठेवलं ना, म्हणून कंट्रोल झाली."

नवी सुई आणली की टोपणं मोजावीत. दोनपर्यंत मोजता आलं की पुरे. तेवढं शिक्षण त्या घरात होतं.