डॉक्टरच्या घरचं न लागलेलं दही

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. मी गुरांचा डॉक्टर, आणि माझ्याच घरात दही लागेना, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? पण तुम्ही विषय काढलाच आहे.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही पंचवटीत राहायचो. धाकट्या बहिणीला, सुनंदाला, बघून गेलेले लोक रविवारी जेवायला येणार होते. सुपारी फुटायचीच काय ती बाकी. मुलाच्या आत्याने आवर्जून निरोप धाडलेला, श्रीखंड घरचंच हवं. आईला तेवढंच हवं होतं.

दूध मखमलाबादच्या निवृत्तीअण्णांचं. भाजी घेऊन मार्केटला येताना ते स्वतः किटली देऊन जायचे. त्या आठवड्यात तर घरात कार्य आहे म्हणून त्यांनी आपणहून जास्तीचं दूध आणलं.

गुरुवारी आईने पाच लिटर दूध विरजलं. शुक्रवारी सकाळी झाकण काढलं, तर दूध जसंच्या तसं. आंबटसुद्धा नाही! मी लगेच शास्त्र सुरू केलं. दूध फार कढत असणार, विरजण मेलं असणार, जंतूंना ठरावीक तापमान लागतं. आई म्हणाली, तीस वर्षं बोट बुडवून बघतेय, आता तू शिकव मला.

शिकवलंच की! तीन घरांतून विरजण मागून आणलं आणि दुधात थर्मामीटर घातला. तो गुरांचा. तो कुठे लावतात ते आईला पक्कं ठाऊक होतं. नवाकोरा आहे अशा शपथा घेतल्या, तेव्हा कुठे पातेलं वाचलं.

शनिवारी सकाळी पुन्हा दूधच. आता मात्र आई मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "शकुन बरा नाही रे. त्यांना येऊ नका म्हणून कळव." ते ऐकून सुनंदा आतल्या खोलीत गेली, ती बाहेरच येईना.

माझं डोकंच फिरलं. भेसळ, दुसरं काय? स्कूटर काढली, थेट मखमलाबाद. अण्णांच्या गोठ्यात, चार माणसांदेखत, सोडा, पावडर, युरिया, तोंडाला येईल ते त्यांच्या माथी मारलं.

अण्णा गाईला वैरण टाकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, ते दूध या गाईचं. दगडी झाली व्हती ना हिला?"

दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी होते तो आजार. सोमवारपासून मीच उपचार करत होतो. पेनिसिलीनने भागेना म्हणून सडात सेफलोस्पोरिनच्या ट्यूबा सोडल्या होत्या.

"तुम्हीच बोलले, आठवडाभर हिचं दूध डेअरीला घालू नका. मंग एवढं दूध वतून देऊ? म्हटलं, तुम्हीच गाय बरी केली, तुमच्याच घरी जाऊ द्या."

"अहो अण्णा, औषध दुधात उतरतं. दह्याचे जंतू मरतात त्याने. म्हणून नको म्हटलं होतं!"

"हे नाय बोलले तुम्ही. घालू नका बोलले अन् किक मारली."

खरं होतं. यांना काय कळणार, म्हणून मी कारण सांगितलंच नव्हतं. आणि आपल्याच औषधाने आपलंच विरजण मारलंय, हे मला, पदवीधर माणसाला, दोन दिवस सुचलं नाही! रागवायला आलो होतो, आता रागवू कुणावर? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांच्या कारभारणीने दुसऱ्या गाईच्या दुधाचं दही आणून दिलं. पातेलंभर, सुरीने कापावं असं घट्ट. ते स्कूटरवर दोन पायांत सांभाळत घरी आलो, आईला सगळं सांगितलं, आणि दुपारी चक्का टांगला.

रविवारी श्रीखंड झालं, सुपारी फुटली. आत्याबाईंनी वाटी चाटूनपुसून आईला विचारलं, "एवढं छान दही कसं हो लागतं तुमचं? विरजण कुठलं?" मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभा.

"विरजण कुठलंही चालतं," आई म्हणाली. "फक्त घरात डॉक्टर नको."