जळालेले चार सेकंद

शेषराव सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाटूरला, आमच्या शाळेत, दहावीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसले होते. फोन त्यांच्या मुलीचा, संगीताताईचा. “बाबा गेले गं... चहा मागितला, अन् चहा येईपर्यंत गेले,” एवढंच ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. सरांबद्दल चांगलं लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मला मात्र त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझं एक खोटं सांगावं लागेल.

सर जालन्यात विज्ञान शिकवायचे. शाळेनं भंगारात काढलेला जुना प्रोजेक्टर त्यांनी घरी आणून दुरुस्त केला होता, आणि हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. म्हणून जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका डॉक्टरांच्या घराची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या नातवानं फिल्मची एक पत्र्याची चपटी डबी सरांकडे आणून दिली. हे डॉक्टर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व्हिएन्नाला शिकायला गेले होते आणि सुट्टीत छोटा कॅमेरा घेऊन भटकायचे. डबीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘पोलंड. यहुदी बाजार.’

सरांनी मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, बोलावून घेतलं. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर धुतलेली चादर टांगली. फिल्म मुकी, जेमतेम चार मिनिटांची. दगडी चौक, घोडागाड्या, पायाला धरून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या घेऊन चाललेली बाई, काळे लांब कोट घातलेले दाढीवाले म्हातारे, कॅमेऱ्याला वेडावून दाखवणाऱ्या दोन पोरी. एका ठिकाणी खुद्द डॉक्टरांची टोपीवाली सावली फरशीवर पडलेली. “बघ सुनंदा, बाजार कुठलाबी असो, कोंबडीला डोकं खाली करूनच नेतेत,” सर हसत म्हणाले. चौकातल्या हातपंपावरून कॅमेरा उजवीकडे वळला आणि मशीन खडखडलं. इतक्या वर्षांत फिल्म आकसली होती, तिची भोकं दात्यांत बसेनात. सरांनी दिवा बंद करायच्या आत चादरीवरचं चित्र मधोमध बुडबुडून तपकिरी झालं. घाबरून त्यांनी फिल्म ओढली तर हातभर तुकडा पापडासारखा मोडून मशीनमध्ये पडला. भिंगाखाली धरूनही त्या कपच्यांत नुसता राखाडी डाग दिसायचा. पडद्यावरचे चार सेकंद, फार तर.

उरलेली फिल्म आम्ही पुण्यात एका जाणकाराकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि मी ती इंटरनेटवर टाकली. त्यानंतर वर्षभरानं एका वृद्ध गृहस्थांचं इंग्रजी पत्र आलं, अर्जेंटिनाहून. त्यांनी तो हातपंप आणि मागचा मनोरा ओळखला होता. त्यांची आई त्याच गावची; लहानपणी मावशीबरोबर परदेशी गेली म्हणून वाचली. बाकीच्यांना जर्मनांनी गावाबाहेरच्या रानात नेऊन गोळ्या घातल्या. बायका, पोरं, सगळ्यांना. घरातला एक फोटो उरला नाही. आई सांगायची, पंपाच्या उजव्या हाताला तिच्या वडिलांची बेकरी होती... ‘पंपानंतर फिल्म तुटते. तिथे काय होतं?’

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सर खाली बसले. जमिनीवरच. म्हणाले, “मी मशीनकडं बघून राह्यलो होतो. मला न्हाई दिसलं. तू पाह्यलं ना?”

मी पाहिलं होतं. एका दारात, कमरेला पुढे पांढरं फडकं बांधलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी एक मूल. इतकंच.

व्हिडिओ कॉलच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले. “आधी हे सांग, की फिल्म माझ्या हातून जळली. बाकीचं मंग.” मी सांगितलं. पलीकडच्या आजोबांनी विचारलं, कोणी पाहिलं होतं का? मी फडक्याचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. ते अगदी पडद्याजवळ आले. ‘आणि चेहरा?’ त्यांचे डोळे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ते हसत होते.’ आजोबांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडले.

फोन बंद झाल्यावर सर माझ्याकडे वळले. तेवढं इंग्रजी त्यांना कळत होतं.

“हसत होता का?”

“...आठवत नाही, सर.”

“मंग का सांगितलं?”

“त्यांना बरं वाटावं म्हणून.”

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “माझी माय मी दोन वर्षांचा असताना गेली. फोटो न्हाई. वाटूरला आमच्या वस्तीत ज्याला विचारावं तो मला बरं वाटावं म्हणून येगळंच सांगायचा. कोणी म्हणे गोरी होती, कोणी म्हणे गाणं म्हणायची. सत्तर वर्षं झाले, मला माझी माय दिसंना झाली... तू त्यांना लिही. जल्दी.”

त्यांनी सांगितलं तसं पत्र मी इंग्रजीत लिहिलं आणि पाठवलं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून ते हसू काढून घ्यायला माझं मन धजेना. सरांना सांगितलं, पाठवलं. त्यानंतर दर रविवारी ते विचारायचे, “उत्तर आलं का?” मी नाही म्हणायचे. पुढे पुढे ते स्वतःच म्हणू लागले, “रागावले असतील. रागावणारच. आधी माणूस जाळला, मंग हसू बी काढून घेतलं.” पंधरा महिने मी हे ऐकून घेतलं. त्यांच्या शेवटच्या रविवारीसुद्धा.

जलदान विधी झाल्यावर संगीताताईनं त्यांची एक वही माझ्या हातात ठेवली. फिल्ममध्ये काय काय दिसतं ते त्यांनी सेकंदासेकंदानं लिहून ठेवलं होतं. पंपानंतर एक पान कोरं, वर फक्त एक ओळ : ‘मी पाहिलं नाही. सुनंदानं पाहिलं आहे. ती लिहील.’

घरी येऊन मी ते पत्र पाठवलं. सर गेल्याचंही कळवलं आणि पत्र इतके दिवस कुणी दडवलं होतं तेही. नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘माझ्या नातवंडांना मी सांगून बसलो आहे की ते हसत होते. आता त्यांना काय सांगू, ते मला कळत नाही. तुमच्या शिक्षकांना मी कधीच दोष दिला नव्हता. हे त्यांना कळायला हवं होतं.’

त्या संध्याकाळी मी वहीचं ते कोरं पान उघडलं आणि सरांच्या ओळीखाली लिहिलं : ‘दारात एक माणूस. पुढे पांढरं फडकं. पायाशी मूल. चेहरा आठवत नाही.’