भाचीचा बाप्तिस्मा आणि वाघोलीचा टँकर

वाघोलीला कोणी सहलीला जात नाही, तेव्हा हे प्रवासवर्णन कोणाच्या उपयोगाचं, असं विचारू नका. उपयोग असलाच तर एवढाच, की मे महिन्यात तिकडे कोणाकडे जाणार असाल तर पेढे नेऊ नका, पाणी न्या. मी तेच केलं. धाकट्या बहिणीनं, सुशीलानं, फोनवर बजावलं होतं, "दादा, रविवारी रूथचा बाप्तिस्मा. साडीबिडी काही नको. जमलं तर दोन कॅन पाणी आण, स्वयंपाकाला होईल."

रूथ माझी भाची. वीस वर्षांची, नर्सिंग शिकते. आमच्या खडकीच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडले की बाप्तिस्मा होतो. माझा तसाच झाला, आणि मी म्हणे भोकाड पसरलं होतं. सुशीला लग्न करून ज्या मंडळीत गेली तिथे मात्र मोठं झाल्यावर, समजून-उमजून, आख्खं पाण्यात बुडवतात. त्याशिवाय त्यांच्या लेखी माणूस मंडळीत आलाच नाही. रूथनं या दिवसाची दोन वर्षं तयारी केली होती. मी येणार का, हे तिनं तीनदा विचारलं होतं.

सकाळी साडेसहाला निघालो. कॅन घेऊन बसमध्ये चढायचं वय राहिलं नाही, म्हणून रिक्षा. "मीटरनं येणार का?" असं विचारल्यावर रिक्षावाल्यानं असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. चारशेवर तुटलं. येरवड्यापर्यंत रस्ता सुखाचा. खराडीला पोहे खाल्ले, बरे होते. पेलाभर पाणी मागितलं तर मालकानं विकतच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. पुढे नगर रस्त्यावर दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले, निसर्गाच्या कुशीत राहायला बोलावणाऱ्या पाट्या, आणि प्रत्येक फाटकाशी एक टँकर. रिक्षावाला मूळचा वाशीमचा. गावाकडचं पाणी आटलं म्हणून इथे आला. इथे निदान विकत तरी मिळतं, असं म्हणाला. तेही किती दिवस, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मागच्या अंगणात छातीभर खोल सिमेंटचा हौद. बोअर मार्चमध्येच कोरडं पडलेलं, त्यामुळे हौद भरायला टँकर बोलावला होता. कुंपणापलीकडे बिगाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या. टँकरचा पाइप सुरू झाला तशा तिकडच्या बायका हंडे घेऊन फाटकाशी जमल्या. धावपळीत होते म्हणून मेहुण्यांनी मला विनंती केली, की आपण जरा फाटकाशी थांबा.

अहो, तीस वर्षं मी एका कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. फाटकाशी उभं केलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. कडेवर पोर घेतलेली एक बाई पुढे आली. "बाबा, एकच हंडा भरू द्या," म्हणाली. मी म्हणालो, "आज कार्यक्रम आहे. उद्या या." तिनं वाद घातला नाही. मान डोलावली आणि निघून गेली. काम चोख झालं, असंच मला वाटलं. तहानलेल्याला पाणी पाजावं या विषयावर मी खडकीत चांगली चार प्रवचनं झोडली आहेत. त्यातलं एकही तेव्हा आठवलं नाही.

मागे वळलो तर रूथ उभी. पांढरे कपडे, मोकळे केस. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली आणि हौदातलं पाणी त्या बायकांना द्या म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. टँकर आपल्या वर्गणीचा आहे, असं एकजण म्हणाले. आधी बाप्तिस्मा उरकू, मग तेच पाणी वाटू, असा तोडगा दुसऱ्यांनी काढला. पुष्कळांना तो पटलासुद्धा.

"मी बुडून निघालेलं पाणी त्यांनी प्यायचं?" रूथ म्हणाली. "तुम्ही प्याल का, काका?"

पाळकसाहेब चाळिशीतले, सरळ माणूस. ते म्हणाले, "रूथ, शिंपडून केलेला बाप्तिस्मा मी मानत नाही. मन राखायला खोटा विधी करणार नाही. पाणी दिलं तर आज तुझा बाप्तिस्मा नाही. पुढचा टँकर कधी, तेही ठाऊक नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. रडतच तिनं फाटक उघडलं.

पाच भाकरींत हजारो जेवल्याच्या चमत्काराची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. इथे तसलं काही झालं नाही. अर्ध्या तासात हौदाचा तळ दिसला. दोघींची झोंबाझोंबी झाली, एकीचा हंडा चेपला, शेवटच्या पाचसहा जणींना गाळ मिळाला, आणि त्या आम्हालाच शिव्या देत गेल्या. मी त्या कडेवर पोर असलेल्या बाईला शोधत होतो. ती कुठेच दिसली नाही.

उपासना झाली. प्रवचन एवढंच: "पाणी आणखी कमी होणार आहे. लोक एकमेकांवर धावून जाणार आहेत. प्रार्थनेनं बोअर भरेल असं वचन मी देत नाही. पहिल्यांदा कोरडं आपण राहायचं, एवढंच आपल्या हातात आहे." कोणी आमेनही नीट म्हणालं नाही. मटण-भात उत्तम होता, पण पानात कोणाचं लक्ष नव्हतं. सुशीला माझ्याशी तुटक बोलत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

परतताना बस मिळाली, स्टेशनला बदलावी लागते. घरी पोचलो, आडवा झालो. वाटलं, पोरीनं आपली लाज राखली, प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथचा फोन आला.

"मामा, काल तुम्ही कोणाला उद्या या म्हणाला होतात ना? ती आलीय. पोराला घेऊन सहापासून फाटकाशी बसून होती. त्या बाबांनी बोलावलंय म्हणाली."

हौद कोरडा ठणठणीत. रूथनं घरातला अर्धा हंडा तिला ओतून दिला होता, आता घरात कळशीभर उरलं होतं.

"उद्या परत येऊ का, असं विचारतेय. काय सांगू?"

ती बाई तिथेच, फोनपाशी उभी होती. पोर कुरकुरत होतं ते मला ऐकू येत होतं. रूथ उत्तरासाठी थांबली होती, फोन ठेवत नव्हती.