माल बोलत नाय

रोजाबाय बोलायला लागली की खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागत. खोटं वाटणाऱ्याने पाचूबंदरच्या धक्क्यावर तिचा मासळीचा लिलाव ऐकलेला नाही. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. एकदा एक नाखवा स्वतःच आपल्या सुरमईचं कौतुक करू लागला, तर रोजाबाय कडाडली, "तू गप! लिलावात मालक बोलत नाय, माल बोलत नाय. बोलंल तं गिऱ्हाईक!"

ते दहशतीचे दिवस. दिवेलागणीला दारं बंद व्हायची. त्यातच लोकसभेची निवडणूक आली आणि हप्ते गोळा करणाऱ्या बाब्याने निरोप धाडला : मताला जाईल त्याची होडी जळेल. विधवा रोजाबायचं अख्खं घर एका होडीवर चालायचं.

मतदान आमच्या शाळेत होतं. त्या सकाळी बाब्या शाळेच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसला. मिशांच्या टोकांवर दोन कावळे आरामात बसले असते. गल्लीत चिटपाखरू नाही. मी समोरच्या माझ्या खोलीच्या खिडकीआड. इतक्यात रोजाबाय आली, लग्नाला निघाल्यासारखी लालभडक लुगडं नेसून. बाब्यापुढे थांबली, पदर खोचला.

"चला गो बायांनो! नवीन माल उतरलाय!" तिने त्याची हनुवटी धरून मान वळवली. "डोले आत गेलेले, कल्ले पांढरे. बरफातला हाय, पन बोला, बोला!"

"ए म्हातारे..."

"गप! माल बोलत नाय!"

कुठल्याशा खिडकीत खुदकन हसू फुटलं. "चार आने!"

"चार आने? फुकट दिला तरी मांजर हुंगनार नाय!"

बोली लावायला दारं उघडली, माणसं बाहेर आली. असं हसू उसळलं की शेजारच्या जुन्या किल्ल्याचे दोन चिरे निखळले. बाहेर आलेलं माणूस मग आपसूक रांगेत लागलं. मीसुद्धा. बाब्या आपली खुर्ची उचलून गेला.

आत रोजाबायच्या बोटावर शाई धरेना. "जलमाचं मासलीचं तेल हाय," ती शाई लावणाऱ्या साहेबाला म्हणाली, "तुजी शाई दमंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सारा गाव धक्क्यावर धावला. होड्या जागच्या जागी डुलत होत्या. म्हणे, बाब्या काडेपेटी घ्यायला गेला, तर दुकानदाराने विचारलं, "कितीला गेलास रे?" रोजाबायने आपल्या होडीला हात लावला आणि मटकन वाळूत बसून आवाज न करता रडली. तिचा आवाज न येणं मी तेवढंच एकदा अनुभवलं.

पुढे काही वर्षांनी ती गेली. शवपेटी चर्चकडे निघाली, तेव्हा पिकल्या मिशांचा बाब्या गर्दीतून पुढे आला आणि त्याने खांदा दिला.

"रोजाबाय, तुजा माल आला गो," मागून कुणी बाई पुटपुटली.

बाब्याने वळून पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तसाच चालत राहिला.