काट्यांकडे बघ

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असता तर कदाचित पुन्हा गिळलं असतं.

मी जव्हारला शिक्षक आहे. घरी खोलीभर थाट – तीन पडदे, त्यांवर वेग-उंची दाखवणारे काटे, हातात दांडा, पायाखाली पेडल. कॉम्प्युटरवर मी बारा वर्षं विमान चालवतोय. पावसात, धुक्यात, एक इंजिन बंद पडलेलं असताना, सगळं करून झालंय. मोखाड्यापर्यंत लोक मला पायलट मास्तर म्हणायचे. थट्टेनंच, पण मला आवडायचं. का नाही आवडणार?

मनीषा माझी भाची. सूर्यमाळची. शिकायला आमच्याकडे राहिली आणि माझ्याच खुर्चीत बसून विमान शिकली. मग तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली नि पोरगी खऱ्या विमानात जाऊन बसली. मी पेढे वाटले. मनापासून वाटले – निदान त्या दिवशी तरी.

मग आला मोखाड्याचा बोहाडा, मुखवट्यांचा उत्सव. सोंगं नाचत होती, सगळी भावकी जमलेली. मागून कोणीतरी ओरडलं, "पायलट आली रे!" मी सवयीनं मान वळवली. ते तिला होतं. बाया तिच्याभोवती गोळा झाल्या, विमान कसं असतं विचारायला लागल्या. ती हसून म्हणाली, "मामाच्या पडद्यावर कळत नाही गं. खरं विमान आधी बुडाला कळतं, मग काट्यांना." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण आत जी आग पेटली ना – अहो, एकोणीस वर्षांची पोर, आणि मी बारा वर्षं काय झक मारली?

बोहाड्यानंतर तिची अजून अठरा दिवस सुट्टी उरली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, जरा ओशाळून. "मामा, उतरताना माझी नजर आतच राहते. सर ओरडतात, बाहेर बघ, धावपट्टीच्या टोकाकडे बघ. काय करू?"

काय करायचं ते मला माहीत होतं. घरी शिकलेल्यांची ही खोड असते – नजर काट्यांना चिकटते, कारण पडद्यावर बाकी काही जाणवतच नाही. ती तोडायची तर माझी खोली बंद करून तिला सांगायचं, यात पुन्हा बसू नकोस. एवढंच. पण ते म्हणायचं म्हणजे माझी बारा वर्षं तिच्या काही कामाची नाहीत, हे माझ्याच तोंडानं कबूल करायचं.

मी म्हणालो, "सर काहीही म्हणू देत. काटे खोटं सांगत नाहीत. काट्यांकडे बघ." एवढ्यावर थांबलो असतो तर चूक म्हणून खपली असती. पण मी पडद्यावरचं बाहेरचं सगळं बंद केलं, फक्त काटे ठेवले, आणि अठरा दिवस, रोज तीन तास, तिला तसंच उतरायला लावलं. तिनं बिचारीनं निमूटपणे केलं. मामा सांगतोय ना.

परत गेल्यावर महिन्याभरात ती उतरताना विमान घेऊन जमिनीवर आदळली. पुढचं चाक मोडलं, हनुवटी फाटली. नंतर विमानाच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. शेवटी तिनं शिकणं सोडलं. फोनवर ती रडत होती, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. दुःख नंतर आलं, बरंच नंतर.

आता ती नाशिकला एका दुकानात हिशेबाला बसते. दिवाळीला आली होती. हनुवटीवरचा वण अजून दिसतो. चहा पिताना म्हणाली, "मामा, तू एवढं जीव तोडून शिकवलंस, मलाच जमलं नाही."

मी म्हणालो, "जाऊ दे. सगळ्यांनाच जमत नाही."

तिनं मान डोलावली.