निवट्या, बगळा, आमेन

ठाण्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मला सगळे ओळखायचे ते प्रार्थना करणाऱ्या बाई म्हणून. माझं आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या मुलीचा साखरपुडा असो, नवीन घर असो, पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणायचे, "बाई, तुम्हीच करा." मी डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे. मला ते काम आवडायचं आणि ते मी चांगलं करत होते. फक्त आमचे हे माझ्या प्रार्थनेत हटकून पेंगायचे. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केलेला, मोजकं बोलणारा माणूस. लांबलचक वाक्यं त्यांना सोसायची नाहीत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका सकाळी कळव्याच्या घरी उपम्याचा रवा भाजत होते. उलथनं हातातून गळून पडलं. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तर बाहेर नुसताच आवाज आला, शब्द नाही. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून मला हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हात-पाय लवकर सुधारले. वाचा मात्र सुधारेना.

लोक माझ्याशी मोठ्याने बोलायचे, जणू मी बहिरी झाले होते. मला ऐकू येत होतं, समजतही होतं. काय सांगायचं तेही ठाऊक असायचं. फक्त त्याचा शब्द सापडायचा नाही, आणि सापडला तर भलताच निघायचा. स्पीच थेरपीच्या मुलीने पहिल्या दिवशी मला चित्रं दाखवली. त्यातलं चमच्याचं चित्र मला बरोबर सांगता आलं, आणि मग तो चमचा जिभेला असा चिकटला की कंगवा दाखवला तरी चमचा, किल्ली दाखवली तरी चमचा.

पाळकसाहेब भेटायला आले. "सलाम, बाई," म्हणून शेजारी बसले आणि लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. मीही त्यांच्याबरोबर म्हणू लागले. अगदी शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवाची स्तुती असो! वाचा आली की तुमची! आता चार शब्द तुमचे बोला."

मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "चमचा."

थेरपीच्या मुलीने नंतर समजावलं की पाठ असलेलं आणि गाण्यातलं मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात राहतं, ते पुष्कळदा वाचतं. मंडळीत मी सगळी गीतं कडव्यांसकट म्हणायचे आणि दारात कुणी तब्येत विचारली की मुकी व्हायचे. बायका म्हणायच्या, "मनातल्या मनात करा हो प्रार्थना, देवाला कळतं." पण मनातही तेच झालं होतं. वाक्य जुळवायला घेतलं की दोऱ्यातून मणी ओघळावेत तसं सगळं पसरायचं. काही रविवार मी घरीच राहिले. देवावरचा विश्वास उडाला नव्हता. त्याच्याशी बोलायची माझी एकच वाट होती, तीच बुजली होती.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हे मला सकाळी खाडीकडे नेऊ लागले. आमच्या इमारतींच्या मागून एक कच्चा रस्ता तिवरांच्या कडेने जातो. देखणी जागा नव्हे ती. प्लास्टिकच्या पिशव्या तिवरांच्या मुळांना लटकलेल्या असतात, वासही येतो. हे पुढे, मी मागे, असं आम्ही न बोलता चालायचो.

एका सकाळी ओहोटी होती. चिखल चकाकत होता आणि त्यावर काहीतरी टुणकन उडालं. मी थांबले. पुन्हा उडालं. बोटभर लांब, डोक्यावर बटबटीत डोळे, माशासारखं अंग आणि चिखलावर सरपटणं. माझं माहेर खाडीकाठचं. लहानपणी वडील आम्हा बहिणींना ओहोटीला घेऊन जायचे आणि हा प्राणी दाखवून हसवायचे. मी हसले, आणि हसता हसता तोंडातून निघालं, "निवट्या!"

हे गर्रकन वळले. "काय म्हणालीस?"

"निवट्या."

"कुठंय?"

मी बोट दाखवलं. ह्यांनी चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खिशातला रुमाल काढून नाक शिंकरत बराच वेळ उभे राहिले.

त्या दिवसापासून आमचं फिरणं बदललं. हे बोट दाखवायचे, मी नाव शोधायचे. घार पटकन आली. बगळा आला. टिटवीला पुष्कळ दिवस लागले, तोवर ती टाहो फोडून स्वतःच नाव सांगत होती म्हटलं तरी चालेल. ह्यांना स्वतःला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. एकदा मी काळ्या पक्ष्याला बगळा म्हटलं, तर म्हणाले, "अगं, ह्याची चोच बघ, विळ्यासारखी वाकडी आहे. बगळा कसा असेल?"

"मग?"

"मला काय माहीत? शिक्षिका तू."

तो शराटी होता. मला आठवला दुपारी जेवताना, आणि मी घास खाली ठेवून ओरडले. ह्यांना ठसका लागला.

घरी आल्यावर हे पवित्र शास्त्र वाचून दाखवायचे. माझ्यासाठी त्यांनी अगदी पहिल्या पानापासून सुरुवात केली होती. एका सकाळी ती गोष्ट आली: देवाने सगळे पशू आणि पाखरं माणसापुढे आणली, तो त्यांना काय नावं देतो ते बघायला. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत पोरांना कितीदा शिकवली होती. पण त्या दिवशी मी ह्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. देवाने आदामाला नावं सांगितली नव्हती. त्याने जनावर पुढे आणलं आणि तो ऐकायला थांबला. निवट्या चिखलावर उडाला तेव्हाही कुणीतरी असंच माझ्या तोंडाकडे बघत थांबलं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका उरली नाही आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीवर मी प्रार्थना केली. आजवर डोळे मिटून केली होती. आता ते उघडे ठेवावे लागले, कारण माझे शब्द बाहेर होते, चिखलात आणि तिवरांवर. मी म्हणाले, "बगळा. तिवर. पाणी. वारा. निवट्या." प्रत्येक नावानंतर थांबले. मग म्हणाले, "आमेन." पूर्वी देवाबद्दल मी खूप बोलत असे. तो एवढा जवळ उभा असल्याचं मात्र असं कधी जाणवलं नव्हतं.

थंडीत आमच्या मंडळीची सहल खडवलीला नदीवर गेली. झाडाखाली सतरंज्या टाकून उपासना झाली. प्रार्थनेची वेळ आली तशी पाळकसाहेबांची नजर सवयीने माझ्याकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली. मला अवघडायला नको म्हणून. मी ह्यांच्या खांद्याला धरून उठले.

"मी," म्हणाले.

सगळे डोळे मिटू लागले. मी हातानेच खूण केली, नको, उघडा. मग नदीकडे बोट केलं. "नदी." काठाकडे. "गोटे. शेवाळ." एक निळा पक्षी वेलीवरून पाण्यात सूर मारून वर आला. त्याचं नाव मला पक्कं येत होतं, आणि मी ठणकावून म्हणाले, "चमचा!"

मागच्या ओळीतली पोरं खुदकन हसली. त्यांच्या आया त्यांना दटावू लागल्या. पण मलाच इतकं हसू आलं की मी कमरेवर हात ठेवून हसले, मग पाळकसाहेब हसले, मग सगळी मंडळी. हसू ओसरल्यावर एक चिमुरडी म्हणाली, "खंड्या आहे तो, आजी."

"खंड्या," मी म्हणाले. "देवा, खंड्या."

मग कुणी न सांगता एकेक जण बोलू लागला. ऊन. करंज. मुंग्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या गेलेल्या बायकोचं नाव घेतलं. पाळकसाहेब मध्ये पडले नाहीत. बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं तेव्हा मी आमेन म्हटलं.

जेवणाच्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, "बरं वाटलं हो, पण तुमची पूर्वीची प्रार्थना ती प्रार्थना होती." मला राग आला नाही. ती चांगलीच होती.

आता माझी छोटी वाक्यं जुळतात. हे सगळं लिहायला पुष्कळ दिवस लागले, अडलेले शब्द ह्यांनी पुरवले. लोक पुन्हा घरी बोलावतात. मागच्या महिन्यात डोंबिवलीत एका तरुण जोडप्याने नवीन फ्लॅटच्या प्रार्थनेला बोलावलं. हॉलच्या खिडकीतून समोर फक्त केमिकल कंपन्यांच्या चिमण्या आणि दुसऱ्या इमारतीची भिंत. त्यातली मुलगी ओशाळून म्हणाली, "आंटी, इथं तुम्हाला नाव घेण्यासारखं काही नाही."

मी खिडकीशी उभी राहिले. भिंतीच्या भेगेत पाइपाशेजारी पिंपळाचं रोप होतं, चार-पाच पानांचं. वर, धुराच्या पलीकडे, घार फिरत होती. मी त्या मुलीला जवळ बोलावलं.

"बघ," म्हणाले. "तू सांग."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग तिने नवऱ्याला हाक मारली, तो स्वयंपाकघरातून हात पुसत आला, आणि तिघांनी मिळून आम्ही सुरुवात केली.